‘स्टार’ या शब्दाचे अर्थ

वसतिगृहातील मुलांना इंग्रजीच्या तासाला ‘स्टार’ या शब्दाचा अर्थ विचारला, तर ‘तारा’ हे उत्तर क्वचितच प्रथम येते. सिनेमातील नट, क्रिकेटचा खेळाडू, मोबाइलवरील बटण, जालन्याच्या रस्त्यावरील हॉटेलची पाटी, हे अर्थ आधी येतात. मुलांचे त्यात काही चुकत नाही. शब्द त्यांना तसाच भेटला आहे.

वास्तविक हा शब्द आपल्याला परका नाही. ‘स्टार’ आणि ‘तारा’ यांचे मूळ एकच. वैदिक भाषेत ताऱ्याला ‘स्तृ’ असा शब्द होता. ‘तारा’ या रूपात आरंभीचा ‘स’ उरला नाही. शास्त्राच्या दृष्टीने तारा म्हणजे स्वयंप्रकाशी तप्त वायुगोल, म्हणून सूर्य हाही एक तारा. लोकभाषा मात्र इतकी काटेकोर नसते. आपण जिला शुक्राची चांदणी म्हणतो, तिला इंग्रजीत ‘मॉर्निंग स्टार’ म्हणतात. प्रत्यक्षात तो सूर्याच्या उजेडाने चमकणारा ग्रह आहे. पहाटेच्या याच ताऱ्याकडे पाहताना सिद्धार्थाला बोधी प्राप्त झाली, असे जपानमधील झेन परंपरा मानते आणि तो दिवस ८ डिसेंबरला पाळते. आपण त्यासाठी वैशाख पौर्णिमा मानतो.

वेरूळच्या १२ क्रमांकाच्या लेणीत तारेच्या मूर्ती आहेत. महायान परंपरेतील या तारेच्या नावाचा अर्थ ‘तारून नेणारी’ असा सांगतात. सहलीला गेलेली मुले तेथे आकाशातील तारा शोधतात, हेही साहजिकच.

पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावा असा अर्थ मात्र निराळाच आहे. छपाईतील चांदणीच्या खुणेला इंग्रजीत ‘अ‍ॅस्टेरिस्क’ म्हणतात; या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘छोटा तारा’. विधिमंडळात ज्या प्रश्नाचे तोंडी उत्तर हवे असते, त्याला ही खूण करतात, म्हणून तो ‘तारांकित प्रश्न’. आपण वहीत सुबक अक्षराला चांदणी देतो. तेथे ती अजून उत्तर न मिळालेल्या प्रश्नाला मिळते! अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर येते आणि विषय बहुधा तेथेच थांबतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते, आणि त्यावर इतर सदस्यही उपप्रश्न विचारू शकतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ साली मुंबई विधिमंडळात आले आणि त्याच वर्षी शिक्षणाच्या अनुदानावर बोलले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

शिष्यवृत्ती रखडली, वसतिगृहाचे अनुदान आले नाही, आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांनी राहायचे कोठे, अशी निवेदने घेऊन आपण आमदारांकडे जातो. पुढच्या वेळी निवेदनाच्या शेवटी एक ओळ वाढवावी: हा प्रश्न अधिवेशनात तारांकित म्हणून मांडावा. प्रश्नोत्तराच्या तासात तो पुकारला गेला नाही, तर त्याचेही उत्तर लेखीच येते. म्हणून एकाच विषयावर एकाहून अधिक आमदारांना भेटलेले बरे.