सर्दीची गोळी आणि तिच्या मागून येणारी झोंप

कोल्हापुरांतील कोणत्याहि सुशिक्षित घरांत औषधांचा डबा उघडून पाहिला, तर ताप उतरविण्याच्या गोळ्यांशेजारीं एक बारीकशी गोळी बहुधा हटकून सांपडते. कोणी तिला ‘सर्दीची गोळी’ म्हणतात, कोणी ‘पित्ताची गोळी’ म्हणतात. आणि घाट उतरून कोंकणांत जाणारे प्रवासी तिच्याच एका भावंडाला ‘गाडी लागूं नये म्हणून घ्यावयाची गोळी’ म्हणतात. तीनहि नांवें खरीं आहेत आणि तीनहि अपुरीं आहेत. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, प्रोमेथाझीन, डायफेनहायड्रामिन हीं या कुळांतील कांहीं नांवें. इतकी ओळखीची झालेली वस्तु माणूस डोळे मिटून वापरूं लागतो, आणि हिच्या बाबतींत तेंच कधीं कधीं महागांत पडतें. म्हणून आज तिच्याविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपल्या त्वचेंत, नाकाच्या आंतील पडद्यांत आणि आंतड्यांत कांहीं पेशी अशा असतात कीं त्यांच्या पोटांत हिस्टामिन नांवाचें द्रव्य सांठविलेलें असतें. शरीराला न मानवणारा पदार्थ भेटला, कीं त्या पेशी तें द्रव्य सोडून देतात. मग बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यांतून पाणी झिरपूं लागतें, कातडी फुगते, खाज सुटते, शिंकांवर शिंका येतात. इंग्लंडांत हेन्री डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९१० च्या सुमारास या द्रव्याचे गुणधर्म अभ्यासिले. परंतु त्याला आवर घालणारें द्रव्य सांपडावयास १९३७ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत दानिएल बोव्हे व आन-मारी स्टाउब यांनीं तें शोधिलें. तें माणसाला देण्याजोगें नव्हतें. पण वाट सांपडली होती. १९४२ सालीं फ्रान्सांत माणसाला देतां येईल असें पहिलें औषध आलें, १९४६ सालीं अमेरिकेंत डायफेनहायड्रामिन बाजारांत आलें, आणि तें दशक संपतां संपतां क्लोरफेनिरामिन आलें. बोव्हे यांना १९५७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे ‘एव्हिल’ या नांवानें मिळणारें औषध म्हणजे फेनिरामिन. त्याच्या रेणूंत क्लोरीनचा एक अणु बसविला कीं क्लोरफेनिरामिन होतें. एका अणूचा एवढा महिमा, कीं पहिल्याची गोळी २५ मिलिग्रॅमची, तर दुसऱ्याची अवघी ४ मिलिग्रॅमची पुरते.

हीं औषधें हिस्टामिन नाहींसें करीत नाहींत. हिस्टामिन ज्या कुलुपांत किल्लीसारखें बसतें, तें कुलूप हीं आधींच अडवून बसतात. म्हणून अंगावर ‘पित्त’ उठलें असतां त्यांचा गुण चांगला दिसतो. (आपण ज्याला पित्त म्हणतों, त्या गांधींचा जठरांतील आंबटपणाशीं संबंध असतोच असें नाहीं. आमसुलाचें पाणी अंगाला चोळण्याची आपली रीत त्वचेला थंडावा देते. तेवढ्यापुरती ती निरुपद्रवी आहे.) धुळीनें किंवा फुलांच्या परागांनीं येणाऱ्या शिंका, डोळ्यांची खाज, नाकांतून वाहणारें पाणी यांवरहि गुण येतो. परंतु साध्या सर्दीपडशाची गोष्ट निराळी. तें विषाणूंचें काम असतें. त्यांत हिस्टामिनचा वांटा थोडा. तेथें या गोळीनें नाक कोरडें पडतें, तें मुख्यतः तिच्या दुसऱ्याच एका गुणामुळें, आणि त्या गुणाचा हिशेब पुढें द्यावा लागतो.

तत्पूर्वीं घाटाची गोष्ट सांगतों. १९४७ सालीं अमेरिकेंतील बॉल्टिमोर येथें एका बाईला अंगावरील पित्तासाठीं या कुळांतील एक औषध देण्यांत आलें. पित्ताचें काय व्हावयाचें तें झालें. पण ट्रॅममध्यें बसलें कीं नेहमीं होणारी तिची मळमळ थांबली! प्रवासांतील वांतीवर हें औषध चालतें हें ध्यानीं आलें, तें अशा रीतीनें. करूळच्या किंवा फोंड्याच्या घाटांत वळणावळणांनीं कासावीस होणाऱ्या आपल्या मंडळींना ‘एव्होमिन’ ठाऊक आहे. तें प्रोमेथाझीनचेंच एक रूप होय. मात्र गाडी निघण्यापूर्वीं निदान अर्धा तास तरी तें घ्यावें लागतें. गगनबावडा ओलांडल्यावर पिशवी पुढें धरून गोळी शोधणें व्यर्थ.

आतां झोंपेचा विचार. मेंदूंत हिस्टामिनचें काम निराळें आहे. तें आपल्याला जागें ठेवतें. हीं जुन्या पिढीचीं औषधें रक्तांतून सहज मेंदूंत शिरतात आणि तेथलेंहि कुलूप अडवितात. पुढें आलेलीं सेटिरिझिन, लोरॅटाडिन वगैरे नवीं औषधें मेंदूंत फार कमी शिरतात. म्हणून नुसत्या शिंकांसाठीं व पित्तासाठीं आज वैद्य बहुधा तींच पसंत करतात. जुन्या गोळीची झोंप रात्रींपुरती असते, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु क्लोरफेनिरामिनचा अंमल प्रौढ माणसाच्या शरीरांतून अर्धा उतरावयास सुमारें वीस तास, कधीं त्याहूनहि अधिक लागतात. रात्रीं घेतलेली गोळी सकाळीं दुचाकीवर आपल्याबरोबर असते. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठानें २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांचें वाहन चालविणें मद्य घेतलेल्यांपेक्षांहि वाईट ठरलें. आणि विशेष हें, कीं ‘मला झोंप येत आहे’ असें वाटणें वा न वाटणें यावरून त्याचा अंदाज येत नव्हता. ‘मला कांहीं होत नाहीं’ असें सांगणारे गृहस्थ मीं पुष्कळ पाहिले आहेत. ते खोटें बोलत नसतात. त्यांना तें कळतच नाहीं.

नाक कोरडें करणारा जो दुसरा गुण मघाशीं सांगितला, तो वृद्धांच्या मुळावर येतो. तोच गुण तोंड कोरडें पाडतो, बद्धकोष्ठ करतो, लघवी अडवितो, कांहीं जणांच्या डोळ्यांतील दाब वाढवितो आणि स्मृति व विवेक ढवळून टाकतो. प्रोस्टेटची वाढ असलेले आजोबा रात्रीं सर्दीची गोळी घेतात आणि पहाटे लघवी तुंबून तळमळतात, असे प्रसंग दवाखान्यांतून नवीन नाहींत. एखादी आजी संध्याकाळीं एकाएकीं भलतेंसलतें बोलूं लागली, तर घरच्यांनीं वयाला दोष देण्यापूर्वीं तिनें काय घेतलें तें पाहावें. ‘सर्दी-तापाची’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक जोडगोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतेंच. तिच्यावर पुन्हां वेगळी पित्ताची गोळी घेतली, कीं मात्रा दुप्पट होते. आणि झोंपेच्या औषधाशीं किंवा मद्याशीं यांची सांगड तर कधींच घालूं नये.

लहान मुलांविषयीं थोडें अधिक बोललें पाहिजे. कांहीं मुलें या औषधानें झोंपण्याऐवजीं उलट बेचैन होतात; अगदीं लहानांचा श्वास मंदावण्याचें भय असतें. दोन वर्षांखालील मुलाला प्रोमेथाझीन देऊंच नये. डिसेंबर २०२३ मध्यें आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनीं क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांच्या मिश्रणाच्या थेंबांवर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊं नये’ अशी सूचना छापण्यास फर्माविलें. पुढें २०२५ सालीं मध्य प्रदेशांतील छिंदवाडा भागांत याच दोन औषधांचें व पॅरासिटामॉलचें ‘कोल्ड्रिफ’ नांवाचें सिरप घेऊन वीसहून अधिक मुलें मूत्रपिंडें निकामी होऊन दगावलीं. त्यांपैकीं बरींचशीं उपचारासाठीं नागपुरास आणिलेलीं होतीं. तो दोष क्लोरफेनिरामिनचा नव्हता; सिरपांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विष निघालें. पण ज्या साध्या खोकल्यासर्दीसाठीं तें पाजलें गेलें, ती बहुधा औषधावांचूनच बरी झाली असती, ही गोष्ट मनांतून जात नाहीं.

शेवटीं एका भ्रमाविषयीं. गांधीलमाशी चावली, कोळंबी बाधली किंवा एखादें इंजेक्शन सोसलें नाहीं, आणि अंगावर गांधी येण्याबरोबरच श्वास लागला, घसा आवळला, भोंवळ आली, तर ‘एव्हिल द्या’ हा आपल्याकडील पहिला उद्गार. अशा वेळीं प्राण वांचविणारें औषध अॅड्रेनालिन. तें मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूंत तत्काळ टोंचावें लागतें. एव्हिलनें खाज राहील. पडलेला रक्तदाब वर येणार नाहीं.

आपल्या जिल्ह्यांत पावसाळ्यांत आणि ऊंसतोडणीच्या दिवसांत हा प्रश्न निराळ्या रूपानें पुढें येतो. घोणस किंवा फुरसें चावलेल्या माणसाला जी प्रतिविषाची लस देतात, ती घोड्याच्या रक्तापासून केलेली असल्यामुळें तिचीच बाधा होऊं शकते. ती टाळण्यासाठीं आधीं प्रोमेथाझीन टोंचण्याचा प्रयोग ब्राझीलमध्यें झाला; १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत कांहींहि लाभ दिसला नाहीं. श्रीलंकेंत अल्प मात्रेंत दिलेल्या अॅड्रेनालिननें मात्र बाधा कमी झाल्याचें आढळलें. तेव्हां सर्पदंश झालेल्याला वाटेंत कोठें नुसतें एव्हिलचें इंजेक्शन देऊन घेण्यासाठीं थांबूं नये. जेथें प्रतिविष आणि अॅड्रेनालिन हीं दोन्ही तयार असतील, अशा जवळच्या रुग्णालयांत त्याला थेट न्यावें. कोल्हापूर शहरांत असाल, तर जुनीं माणसें ज्याला अजून थोरला दवाखाना म्हणतात, त्या छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयांत.