गीतचित्रण, अल्पखर्ची
गीतचित्रण, अल्पखर्ची : मर्यादित साधनांनी गीत वा नृत्य चलत्‌चित्रित करण्याचे तंत्र. दिव्यांचे व जनित्राचे भाडे टाळण्यासाठी यात सूर्यप्रकाशावर भर असतो. दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या मूकपटाचे चित्रणही मुख्यतः सूर्यप्रकाशातच झाले. मध्यान्हीच्या उन्हात डोळ्यांखाली गडद छाया पडतात. म्हणून सकाळची वा सायंकाळची वेळ निवडतात व थर्माकोलचा तक्ता किंवा पांढरी चादर परावर्तक म्हणून वापरतात.

प्रकाशाची तीव्रता दिव्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर दुप्पट झाल्यास ती एक-चतुर्थांश उरते. त्यामुळे नृत्याच्या रिंगणाजवळ ठेवलेल्या दिव्याने जवळचे नर्तक झगझगीत, तर पलीकडचे काळवंडलेले दिसतात. तोच दिवा उंच व दूर ठेवल्यास हा फरक घटतो. भारतात विद्युत्‌पुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने उद्भासनकाल १/५० सेकंद ठेवल्यास दिव्यांची लुकलुक बहुधा टळते.

पालघर जिल्ह्यातील सायवनसारख्या गावांच्या परिसरात, डहाणू व तलासरी तालुक्यांत, वारली लोकांचे तारपानृत्य प्रचलित आहे. त्यात वादकाने चाल बदलताच नर्तकांचा पदन्यास बदलतो. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गीतावर नाचविण्याची चित्रपटातील पद्धत येथे वापरल्यास वादक केवळ शोभेपुरता उरतो आणि नृत्याचे मर्मच हरपते. उंचवट्यावरील एका स्थिर कॅमेऱ्याने अखंड चित्रण करून वादकाजवळ ध्वनिग्रहण केल्यास खर्च वाचतो व नृत्याची विश्वसनीय नोंदही राहते.