हरपलेल्या यादीचें पुनरागमन

जामनेरसारख्या तालुक्याच्या गावीं वकिलाच्या कचेरींत किंवा कापसाच्या अडत्याच्या पेढीवर संगणक चालविणारा कारकून यंत्राच्या अंतरंगाचा विचार क्वचितच करतो. कोणती वस्तु कोठें आहे, हें त्याच्या हातास ठाऊक असतें. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यांतील कळ दाबली कीं कामाची यादी उघडते, एवढें ज्ञान त्यास पुरतें. 'स्टार्ट मेनू' नांवाची ही यादी मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज ९५' बरोबर २४ ऑगस्ट १९९५ रोजीं जगापुढें ठेविली. सतरा वर्षें ती त्याच कोपऱ्यांत नांदली, आणि २६ ऑक्टोबर २०१२ रोजीं निघालेल्या 'विंडोज ८' मधून नाहींशी झाली. बोटाच्या स्पर्शानें चालणाऱ्या पाटीवजा यंत्रांचे दिवस आले होते. म्हणून यादीच्या जागीं सबंध पडदा व्यापणाऱ्या रंगीत चौकटी आल्या. परंतु कचेरींतील मेजावर कळफलक आणि माऊस होते तसेच होते. पत्र लिहितां लिहितां दुसरें कांहीं उघडावें, तर हातचें पत्रच दृष्टीआड होई.

मग ही यादी परत कशी आणावयाची? येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. बुजविलें होतें तें दार. आंतील कोठार शाबूत होतें. कार्यक्रमांचीं चिन्हें दोन कप्प्यांत ठेवलेलीं असतात: एक सर्वांचा सामाईक, दुसरा ज्याचा त्याचा. हे दोन्ही कप्पे 'विंडोज ८' मध्येंहि कायम होते. पडद्याच्या खालच्या पट्टीस 'टूलबार' म्हणून सामाईक कप्पा जोडला कीं साधी यादी तत्काळ मिळे. आयव्हो बेल्चेव्ह यांच्या 'क्लासिक शेल' या विनामूल्य कार्यक्रमानें तर जुन्या वळणाची यादीच पूर्ववत् मांडून दिली. २०१७ सालीं त्यांनीं तें काम थांबवून त्याची मूळ संहिता खुली केली, आणि इतरांनीं तें 'ओपन-शेल' या नांवानें पुढें चालविलें. असा कार्यक्रम मात्र त्याच्या मूळ ठिकाणाहूनच घ्यावा. अनोळखी माणसाच्या हातीं कोणी तिजोरीची किल्ली देत नाहीं.

लोकांची नाराजी व्यर्थ गेली नाहीं. १७ ऑक्टोबर २०१३ रोजीं 'विंडोज ८.१' नें कळ परत दिली. पण ती दाबतां पुन्हां त्याच चौकटी पुढें येत. खरी यादी, त्या चौकटी पोटांत घेऊन, २९ जुलै २०१५ रोजीं 'विंडोज १०' मध्यें परतली. पुढें २०२१ च्या 'विंडोज ११' नें ती कळ मधोमध सरकविली, आणि पट्टीस कप्पा जोडण्याची सोयहि काढली. कळ पुन्हां डावीकडे नेण्याची मुभा मात्र ठेविली.

सुधारणा कोणास नको असते? परंतु वर्षानुवर्षें हातास लागलेलें वळण हेंहि कष्टानें मिळविलेलें भांडवल आहे. तें एका रात्रींत मोडीत काढणाऱ्यानें निदान जुनी वाट कांहीं काळ खुली ठेवावी.