शिळे आणि उष्टे : आपल्या न्याहारीविषयी

दलित साहित्यात भाकरी ठायी ठायी येते. परंतु ती बहुधा भुकेचे प्रतीक म्हणून येते. ती कोणी थापली, रात्रीची उरलेली भाकरी सकाळी कशी खाल्ली, या साध्या प्रश्नांकडे आपण फारसे वळत नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांचे पदार्थ कृतींसह नोंदवून मोलाचे काम केले. मला येथे एकाच पदार्थाविषयी लिहायचे आहे : भाकरीचे कुटके. कोणी त्याला कुस्करा म्हणतात, कोणी फोडणीची भाकर. खेड्यातील कष्टकऱ्यांच्या कित्येक पिढ्या ही न्याहारी करून कामाला गेल्या. तरीही शिकलेला दलित तरुण आज तिचे नाव चारचौघांत घेताना अडखळतो. या अडखळण्याचे कारण शोधले पाहिजे.

प्रथम पदार्थ समजून घेऊ. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो. म्हणून ते गरम पाण्यात मळतात. त्या पाण्याने पिठातील स्टार्च काही अंशी शिजतो आणि पीठ बांधले जाते. भाकरी निवली की हाच स्टार्च पुन्हा आवळतो व भाकरी कडक होते. ताजी भाकरी कुस्करून फोडणीत टाकली तर तिचा लगदा होईल. रात्रीची भाकरी मात्र कण सुटे ठेवून फोडणी शोषून घेते. म्हणजे कुटक्यांना भाकरी शिळीच लागते. शिळेपणा हा येथे दोष नव्हे, ती कृतीची अट आहे.

माझी आई कुटके करी ते असे : दोन भाकरी हाताने हरभऱ्याएवढ्या कुस्करायच्या, भुगा होऊ द्यायचा नाही. त्यांवर पाण्याचा हबका मारायचा. ताक असेल तर ताकाचा. कढईत पळीभर तेल, त्यात मोहरी, जिरे, पाच-सहा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, एक मोठा कांदा, हिरवी मिरची, मूठभर शेंगदाणे, हळद. कांदा लाल झाला की कुस्करलेली भाकरी आणि मीठ टाकून परतायचे, वर झाकण ठेवून एक वाफ काढायची. वाफेने आवळलेली भाकरी पुन्हा मऊ होते. तेल नसेल त्या दिवशी फोडणी नाही. मग कच्चा कांदा, चटणी, मीठ आणि तीच भाकरी.

या कृतीमागे श्रमाचा हिशेब आहे. बाई दिवस उगवताच खुरपणीला जाणार. सकाळी पीठ मळून भाकरी थापायला वेळ नाही, आणि दोन वेळा चूल धडधडत ठेवण्याइतके सरपणही नाही. म्हणून रात्रीच चार भाकरी जास्त थापायच्या. लेकरांचे पोट शाळेआधी भरते आणि ऊन चढेपर्यंत मजुराला आधार राहतो. मग या न्याहारीची लाज का वाटावी?

माझ्या मते, आपल्या मनात दोन शब्दांची गल्लत झाली आहे : शिळे आणि उष्टे. शिळे म्हणजे काल शिजवलेले. उष्टे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात उरलेले. पहिला शब्द वेळ सांगतो, दुसरा सामाजिक नाते सांगतो. गावगाड्यात महाराने घरोघर फिरून भाकरी मागावी आणि तिला 'हक्क' म्हणावे, अशी व्यवस्था होती. दहा घरांचे तुकडे एका टोपल्यात पडत. त्यांत शिळे असे, उष्टे असे, आणि देणारा ते वरून टाकत असे. राबणाऱ्याच्या मजुरीला भिकेचे रूप देण्याची ती युक्ती होती. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडा, असे सांगितले. त्यांचा प्रहार मागण्यावर होता, टाकून दिलेले स्वीकारण्यावर होता. पुढे १९५८ साली तेव्हाच्या मुंबई राज्यात महार वतन नाहीसे करणारा कायदा झाला. मागितलेली भाकरी नाकारणे ही आपल्या मुक्तीची पायरी होती. परंतु स्वतःच्या दाण्याची, स्वतःच्या चुलीवर भाजलेली भाकरी सकाळी खाणे यात दास्य कोठे आहे?

पांढरपेशांच्या घराकडे पाहा. तेथे रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी फोडणीची पोळी होते. कृती तीच, जिन्नस जवळपास तेच. तिला कोणी दारिद्र्याची खूण मानत नाही. उलट गृहिणीच्या काटकसरीचे कौतुक होते. बेकरीतला टोस्ट म्हणजे दुसऱ्यांदा भाजलेला पावच. तो चहात बुडवताना कोणाची मान खाली जात नाही. तेव्हा लाज पदार्थात नाही. ती खाणाऱ्याच्या जातीवर लादलेली आहे.

पावाचा विषय निघाला म्हणून त्याचाही विचार करू. मुंबईत १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेत ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणे ही सभासदाची कसोटी होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून रानडे-टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. उच्चवर्णीयाला पाव खाणे हे बंड वाटे. आपली माणसे गिरण्यांत आली तेव्हा त्यांना पाव सोयीचा वाटला : त्याला ठरलेली किंमत होती, ती मोजली की कोणापुढे टोपले धरावे लागत नव्हते. अर्थात शहरानेही उष्ट्याचा नियम सोडला नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना विणकाम खात्यात, जेथे मजुरी अधिक होती, शिरकाव नव्हता. सवर्ण विणकर एकमेकांच्या थुंकीचा धागा चालवून घेत. आमच्या तोंडाचा मात्र विटाळ होता.

आता हा प्रश्न शाळेच्या स्वयंपाकघरात उभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण देण्यास सांगितले. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्यावे, असे म्हटले. पूर्वी आपण त्यांच्या दारची भाकरी घेत होतो. आता त्यांच्या मुलांनी आपल्या हातचे जेवायचे आहे. देणाऱ्याची जागा बदलताच विरोध उभा राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत सवर्ण मुलांनी दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवण नाकारले, हे देशाने पाहिले.

कुटक्यांचा गौरव करताना दारिद्र्याचा गौरव होऊ नये, ही सावधगिरी हवी. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाल्ली, ती आवडीने नव्हे. ज्या घरात फोडणीला तेल नाही, तेथे आधी तेल पोचले पाहिजे. आणि आणखी एक गोष्ट : कुटके सर्वांना वाढून झाल्यावर कढईला लागलेली खरवड खाऊन जी बाई कामाला निघते, तिचा वाटा आपल्या चळवळीच्या हिशेबात अजून नीट धरलेला नाही. उष्टे नाकारणाऱ्या पुरुषाने घरातल्या बाईला शेवटचे खायला लावावे, हे महाडच्या शिकवणुकीशी जुळत नाही.

कार्यकर्त्यांनी, विशेषतः शिक्षकांनी, मुलांना हा फरक समजावून द्यावा. वर्गात न्याहारीचा विषय निघाला तर पोहे-उपम्याबरोबर कुटक्यांचेही नाव फळ्यावर लिहावे. अन्नाविषयी विचारायचे ते एवढेच : ते आपल्या श्रमाने आले काय, आणि सर्वांना सारखे वाढले गेले काय? या दोन प्रश्नांना जी न्याहारी उतरते ती शिळी असली तरी स्वाभिमानाची आहे. जी उतरत नाही ती तव्यावरून गरम उतरलेली असली तरी उष्टीच.