कोतवालानं सांभाळलेला कुलवृत्तांत

दहावी-बारावीचे निकाल लागले, की मूर्तिजापूरच्या तहसीलमध्ये गर्दी वाढते. हातात अर्ज, अर्जावर कोर्ट फीचं तिकीट आणि तोंडी एकच विनवणी: "आमच्या पंजाची नोंद भेटते का, पाहा ना साहेब." विचारणारा कधी कुरूमचा असतो, कधी मान्याचा, कधी लाखपुरीचा. पुष्कळदा तो आता पुण्यात किंवा मुंबईत राहत असतो आणि बाप गेल्यावर गावाचा संबंध उरला तो एवढाच. पणजोबाचं नाव त्याला ठाऊक असतं. साल मात्र तो अंदाजानं सांगतो. त्या अंदाजावर गावाचा बस्ता काढला जातो, गाठ सुटते आणि आतून कोतवाल बुक बाहेर येतं.

वऱ्हाडात कोतवाल बुक म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी वही. जन्म कधी झाला, कोणाच्या घरी, मुलगा की मुलगी, बापाचं नाव, जात. मरण असेल तर वय आणि कारण. नोंद एका ओळीची. माणूस 'अमुक वल्द तमुक' म्हणून येतो, बाई 'अमुक जवजे तमुक' म्हणून. आडनाव फार कमी ठिकाणी भेटतं, कारण गावातल्या गावात त्याची गरज पडत नसे. नवजात मुलाचं नावही बहुधा नसतं. बारशाच्या आधीच बातमी वहीत गेलेली असते, म्हणून ओळ एवढंच सांगते की फलाण्याला मुलगा झाला. तो मुलगा म्हणजे आपलाच आजा, हे ठरवायला मग शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहावं लागतं, जमिनीचे फेरफार पाहावे लागतात. एका कागदावर घराचा इतिहास उभा राहत नाही. दोन-तीन कागद एकमेकांना साक्ष देतात तेव्हा तो उभा राहतो.

ही वही ज्याच्या नावानं ओळखली जाते त्या माणसाबद्दल आपण फार कमी बोलतो. कोतवाल हा गावकामगारांच्या उतरंडीतला शेवटचा. रात्रीची गस्त, सरकारी टपाल, दवंडी, आलेल्या साहेबाची सरबराई, सगळं त्याच्याकडे. वऱ्हाडात हे काम बहुतेक गावी महार समाजाकडे होतं. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाच्या घरून तिरडी निघाली, ही बातमी तो आणायचा. त्याला लिहिता येत नसेल तर पटवारी किंवा शाळेचा मास्तर लिहून द्यायचा. गावानं ज्याला वेशीबाहेर ठेवलं, त्याच्याच पायपिटीमुळे गावातल्या प्रत्येक घराची नोंद राहिली. आज जातीच्या दाखल्यासाठी धावणाऱ्या प्रत्येक कुटुंबानं हे जाणावं असं मला मनापासून वाटतं.

मराठीत कुलवृत्तांताची परंपरा मोठी आहे. कोकणस्थ, देशस्थ, कऱ्हाडे घराण्यांचे जाडजूड ग्रंथ छापले गेले. पिढ्यांचे तक्ते, स्थलांतरं, कुलदैवतं, कर्तबगार माणसं, सारं त्यात आहे. वऱ्हाडातल्या कुणब्याचा, माळ्याचा, तेल्याचा, धनगराचा, बंजाऱ्याचा, महाराचा असा ग्रंथ बहुधा नसतो. त्यांच्या घराण्याचा वृत्तांत या वह्यांतच आहे, विखुरलेला आणि कुणी न जुळवलेला. या वह्यांना मी कुलवृत्तांत म्हणतो ते सन्मानानं.

त्या सावकाश वाचाव्या लागतात. जुनी पानं अनेकदा मोडी लिपीत असतात, शाई तपकिरी पडलेली, कडा झडलेल्या. मरणाचं कारण सांगणारा रकाना सर्वांत बोलका. त्यात 'ताप' हा शब्द पुनःपुन्हा येतो. १८९९-१९०० च्या दुष्काळानं वऱ्हाड होरपळलं. १९१८ च्या फ्लूच्या साथीत सर्वाधिक माणसं गमावलेल्या प्रांतांत मध्यप्रांत-वऱ्हाडची गणना होते. अशा सालांच्या वह्या पाहिल्या, की एकाच घराच्या ओळी एकाखाली एक लागलेल्या दिसू शकतात. 'आमचा आजा एकटाच वाचला' असं घरात मोघम सांगतात. त्या वाक्यामागे किती सख्खी भावंडं गेली, त्यांची वयं काय होती, हे सांगणारं दुसरं काही उरलेलं नसतं.

आणि बाया? आईचं नाव जन्माच्या नोंदीत सहसा नाही. तरीही बायांच्याच वाटेनं शोध लागतो, हे जाणत्या माणसाकडून ऐकावं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यामुळे घरातल्या थोरल्या मुलाची नोंद बापाच्या गावच्या वहीत शोधून सापडत नाही. ती त्याच्या आईच्या माहेरच्या गावात असते. माणसं आपल्याच गावचा बस्ता चाळून 'नोंदच नाही' म्हणत परत जातात आणि नोंद दहा कोसांवर दुसऱ्या तालुक्यात पडून असते.

गाडगेबाबांचं उदाहरण घ्या. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म १८७६ चा, शेंडगावचा. ते गाव आज अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यात येतं. वडील लवकर गेले आणि आई सखूबाई मुलाला घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आल्या. बाबांचं बालपण मामाच्या शेतात आणि गुरांमागे गेलं. एवढ्या थोर माणसाचा प्रश्न नाही, त्यांचं चरित्र लोकांनी जपलं. पण असंच विधवा आईबरोबर मामाकडे वाढलेलं साधं पोर घ्या. त्याचा पिता एका तालुक्याच्या कागदात, तो स्वतः दुसऱ्या तालुक्याच्या कागदात. वऱ्हाडात अशी पोरं घराघरांत होती.

त्यात सरहद्दींची भर. मूर्तिजापूर तालुका १९०५ पर्यंत अमरावती जिल्ह्यात होता. त्या वर्षीच्या फेररचनेत तो अकोल्याकडे आला. खुद्द वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या अमलात. मग 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' म्हणून इंग्रज रेसिडेंटाच्या हाताखाली. १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडलं गेलं. १९५० ला मध्य प्रदेश, १९५६ ला द्विभाषिक मुंबई, १९६० ला महाराष्ट्र. पूर्णा नदीकाठचा शेतकरी आपल्या वावरातून हलला नाही आणि त्याचे कागद मात्र गावोगाव हिंडले. निजामी आणि मोगली दप्तर हैदराबादच्या अभिलेखागारात, रेसिडेन्सीचं दप्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, प्रांताच्या कारभाराचे कागद शोधायला नागपूर गाठायचं, आणि लंडनला गेलेले अहवाल ते वेगळेच.

आपल्याकडे माणूस जागेवर राहिला आणि कागद हिंडले. जी माणसंच समुद्र ओलांडून गेली त्यांनी आपल्या कागदांचं काय केलं, ते इथे पाहण्यासारखं आहे. ४ जुलै १८२५ ला नॉर्वेतल्या स्टाव्हांगर बंदरातून 'रेस्टोरेशन' नावाचं लहान गलबत ५२ माणसं घेऊन अमेरिकेला निघालं. ते ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला लागलं तेव्हा माणसं ५३ झाली होती. वाटेत एक मूल जन्मलं होतं. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास नॉर्वेजियन त्या वाटेनं गेले. बहुतेक गरीब शेतकरी, डोंगरउतारावरच्या तुटपुंज्या जमिनीचे. त्यांच्या मुलानातवंडांनी १९२५ मध्ये मिनेसोटातल्या नॉर्थफिल्ड गावी, सेंट ओलाफ कॉलेजात, आपल्या इतिहासाची संस्था काढली. घरी लिहिलेली पत्रं, रोजनिशा, चर्चच्या वह्या, हिशेबाचे कागद तिथे जमा झाले. नॉर्वेतही अनेक परगण्यांचे 'बिग्देबोक' नावाचे ग्रंथ निघाले. त्यात एकेका शेताचा मालक कोण, त्याच्या आधी कोण, मुलं किती, कोणतं अमेरिकेला गेलं, हे पिढ्यान्‌पिढ्या दिलेलं असतं. चर्चच्या जुन्या नोंदवह्या तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारानं इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवल्या आहेत.

ती माणसं आपल्यासारखीच शेतकरी होती आणि त्यांच्या चर्चच्या वहीतली ओळ आपल्या कोतवाल बुकातल्या ओळीहून फार वेगळी नाही. फरक शोधण्याच्या हेतूत आहे. आपल्याकडे पणजोबा आठवतो तो जातपडताळणीच्या दिवशी. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्वातंत्र्यपूर्व कागदांचं पुरावामूल्य अधिक असल्याचं म्हटलं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली. मोडी वाचणारी माणसं तेव्हा धुंडाळावी लागली. हे शोध योग्यच आहेत. त्या एका ओळीवर मुलीचं मेडिकलचं शिक्षण ठरतं. ती मागायला येणाऱ्याला हक्कापेक्षा कमी काही मिळू नये. माझं दुःख एवढंच, की नक्कल हाती पडल्यावर पान मिटतं. जातीचा रकाना वाचून होतो, शेजारचा वयाचा आणि आजाराचा रकाना कुणी वाचत नाही.

आणखीही काही राखणदार आहेत. अस्थी घेऊन नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलेल्या वऱ्हाडी माणसांची नावं तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सापडतात. तिथे आलेल्यानं मागच्या पिढ्या सांगायच्या आणि पुढची लिहायची, असा रिवाज. हरिद्वारच्या अशा वह्यांची तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेनं मायक्रोफिल्म केली. कापसाच्या व्यापारापायी इकडे येऊन राहिलेल्या मारवाडी घरांचा मागचा धागा त्यांच्या भाटांच्या वहीत असतो. या वह्या खासगी आहेत. सांभाळणाऱ्याचा मुलगा दुसऱ्या धंद्याला लागला, की त्या माळ्यावर जातात.

सरकारी वह्यांचं स्कॅनिंग झालं आहे, होत आहे. महसुली अभिलेख ऑनलाइन देण्याच्या पहिल्या टप्प्यातच अकोला आणि अमरावती हे दोन्ही जिल्हे होते. हे फार मोलाचं काम. उधई आणि कसर स्कॅनला लागत नाही. पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यावरचं नाव शोधता यायला हवं असेल तर कुणीतरी प्रत्येक ओळ वाचून गाव, साल, नाव, बापाचं नाव अशी सूची करायला हवी. मूर्तिजापुरात श्री गाडगे महाराज महाविद्यालय आहे, इतिहास आणि मराठी शिकणारी मुलं आहेत. तहसीलची परवानगी, मोडीचा एक वर्ग आणि एका वर्षाला एक महसूल मंडळ, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकतं. मुलांना त्यात आपापलीच घरं सापडतील. मूळ कागदाचीही निगा राहायला हवी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, तिचा गोंद पुढे कागद खातो. पातळ टिश्यू आणि खळ वापरतात. सुती रुमालात बांधून, जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावं.

घरचे कागद तर आजच गोळा करता येतात. खरेदीखतं, सोसायटीच्या पावत्या, जुन्या लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, फोटोच्या मागे लिहिलेली नावं. ज्यांना पुण्याहून किंवा न्यू जर्सीहून शोध सुरू करायचा आहे त्यांनी तहसीलला अर्ज करण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसावं. तिचं माहेर कोणतं, सासूचं माहेर कोणतं, पहिलं बाळंतपण कुठे झालं, घरातलं कोण कोणत्या साथीत गेलं, हे विचारून तिच्याच शब्दांत फोनवर रेकॉर्ड करावं. गावाचं जुनं नाव विचारावं आणि १९०५ आधी ते कोणत्या जिल्ह्यात होतं ते पाहून घ्यावं. त्यानंतर बस्ता मागवावा, आणि आपली ओळ सापडली की त्या वर्षाची सगळी पानं वाचून मगच नकलेचा अर्ज भरावा.