एका चालीच्या दोनशे पोथ्या
(लेखांक सातवा)

आरेत्झोच्या ग्वीदोने अकराव्या शतकात स्वर रेषांवर बसविले, तो प्रसंग मागील लेखांकात आला. आज त्या रेषांच्याही पूर्वीच्या पोथ्यांकडे वळावयाचे आहे. कारण ग्रेगोरियन गायनाचा जीर्णोद्धार झाला तो त्यांच्याच साक्षीवर, आणि ती साक्ष कशी गोळा केली गेली, हा मला या सबंध विषयातील सर्वांत हृद्य भाग वाटतो.

जीर्णोद्धाराची वेळ आली ती अशी: 1614-15 मध्ये रोमच्या मेदिची मुद्रणालयातून निघालेल्या गायनग्रंथात, एकाच अक्षरावर हेलकावत जाणाऱ्या दीर्घ स्वरमालिका तत्कालीन संस्कारकर्त्यांनी ओबडधोबड समजून छाटल्या आणि उरलेले स्वर लॅटिन शब्दांतील आघाताच्या अक्षरांकडे सरकविले. चालीचा प्राण ज्या जागी होता, कात्री नेमकी तेथेच चालली. पुढे एकोणिसाव्या शतकात हाच छाटलेला पाठ रेगेन्सबुर्गच्या पुस्टेट या मुद्रकाने पुन्हा छापला, आणि रोमने त्यास तीस वर्षांच्या मुदतीचा मक्ताही बहाल केला.

इकडे फ्रान्समध्ये, सार्थ नदीच्या काठी सोलेम येथे, क्रांतीत ओस पडलेला बेनेडिक्टीय मठ प्रॉस्पेर गेरांजे यांनी 1833 साली पुन्हा वसविला होता. तेथील जोसेफ पोतिये यांनी जुन्या हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध केलेला ग्रंथ 1883 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा छाटलेल्या पाठाच्या कैवाऱ्यांचा मुख्य आक्षेप असा होता की, मूळ चाल कालौघात नष्ट झाली असून पोथ्यापोथ्यांत मेळ नाही. या आक्षेपास वादविवादाने उत्तर न देता आंद्रे मोकरो यांनी, जे मठात येण्यापूर्वी चेलोवादक होते, छायाचित्रणाचा आश्रय घेतला. 1889 पासून त्यांनी पोथ्यांच्या प्रतिकृतींची ग्रंथमाला सुरू केली. आणि तिच्या दुसऱ्या व तिसऱ्या खंडांत, मिस्सेतील दोन वाचनांच्या मध्ये गाइले जाणारे 'युस्तुस उत पाल्मा' हे एकच गीत, नवव्या ते सतराव्या शतकांतील दोनशेहून अधिक हस्तलिखितांतून, पानामागून पान मांडले. देश वेगळे, लिपिकार वेगळे, चिन्हांची वळणे वेगळी. तरी स्वरांचा चढउतार सारतः एकच! इतक्या पाठांची अशी निमूट एकवाक्यता पाहिल्यावर आक्षेपास जागा उरली नाही.

सर्वांत प्राचीन पोथ्यांत मात्र रेषा नाहीत. शब्दांच्या डोक्यावरील त्या नाजूक खुणा स्वर किती आणि वर जातो की खाली, एवढे सांगतात. किती अंतराने, ते सांगत नाहीत. ते उत्तरकालीन, रेषांवरील पोथ्यांतून घ्यावे लागते. उलट, कोठे रेंगाळावे आणि कोठे हलक्या पावलाने पुढे जावे, हे त्या पुरातन खुणांइतके कोणीच सांगत नाही.

1901 साली फ्रान्समधील धार्मिक संघांविषयीच्या कायद्यामुळे सोलेमचे साधू देश सोडून इंग्लंडच्या वाइट बेटावर गेले. 22 नोव्हेंबर 1903 रोजी दहाव्या पायस पोपमहाशयांनी ग्रेगोरियन गायनास उपासनेत अग्रमान देणारे आज्ञापत्र जारी केले. पुढे पोतिये यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमले गेले आणि 1908 मध्ये अधिकृत ग्रंथ निघाला. त्याच्या संपादनावरून पोतिये व मोकरो यांच्यात तीव्र मतभेद झाले. पोतिये यांचा कल जिवंत परंपरेकडे, मोकरोंचा प्राचीनतम पोथीकडे. माझे मन मोकरोंकडे झुकते.

1979 साली सोलेमहून जो ग्रंथ निघाला, त्याच्या पानावर मध्ये चौकोनी स्वर, वर काळ्या शाईत लाओंच्या प्राचीन, रेषांविनाच्या पोथीतील खुणा आणि खाली तांबड्या शाईत सेंट गालेन परंपरेतील खुणा अशा तीन ओळी एकाखाली एक आहेत. गाणाराची नजर त्या तिन्हींवरून एकाच श्वासात फिरत असते.