मेलेल्या झारच्या नावानं

रशियातलं पुगाचोवचं बंड (1773-75) म्हणजे राज्यसत्तेविरुद्धचा उठाव, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच पटतं. याइक नदीकाठच्या कसाकांची स्वायत्तता राजधानी पीटर्सबर्गनं कुरतडत आणली होती, 1772 चा त्यांचा उठावही चिरडला होता. तरी पुढच्याच वर्षी ते पुन्हा उठले, ते झारच्याच नावानं. येमेल्यान पुगाचोव या डॉन कसाकानं आपण 1762 मध्ये मारला गेलेला झार तिसरा पीटर असल्याचं सांगितलं. (आपल्याकडचा भाऊसाहेबांचा तोतयाही याच सुमाराचा.) ओरेनबुर्गला वेढा घातलेला असताना बेर्दा गावातला त्याचा राजवाडा म्हणजे आतून सोनेरी बेगड लावलेलं साधं घर; दिमतीला राजधानीची नक्कल असलेलं ‘युद्ध मंडळ’. तो तोतया आहे हे जवळच्या कसाकांना ठाऊक होतं, मग हे निव्वळ सोंगच नव्हे का? असेल, पण सोंग झारचंच का घ्यावं लागलं? जुलै 1774 च्या जाहीरनाम्यात भूदासांना मुक्ती, जमीन, करांतून आणि सैन्यभरतीतून सुटका, शिवाय दाढी राखण्याची मुभा आहे. राजा हवा होता, त्याचे कारकून आणि जमीनदार नकोत. जानेवारी 1775 मध्ये मॉस्कोत पुगाचोवचा शिरच्छेद झाला. सम्राज्ञी कॅथरीननं याइक नदीचं नावसुद्धा पुसून उरल केलं.